आधी टॅबवर वाचले, आता दुकानातून घ्यावे का?

त्रिमूर्तीनगर, नागपूर येथील एका वाचकाचे पत्र :

‘मी अडतीस वर्षांचा आहे आणि आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. शाळेत असल्यापासून बर्डीतल्या एका छोट्या पुस्तकांच्या दुकानातून कॉमिक्स घेत आलो आहे. पूर्वी चाचा चौधरी, नागराज आणि ध्रुव घ्यायचो. आता इंग्रजीत आलेले जपानी मांगा, म्हणजे तिकडची कॉमिक्स, आणि अधूनमधून एखादी ग्राफिक कादंबरी घेतो. दुकानातले काका माझ्यासाठी मुद्दाम खंड मागवून ठेवतात. गेल्या वर्षी टॅब घेतल्यापासून मात्र बहुतेक मालिका मी अ‍ॅपवर वाचतो, त्यामुळे खंड दुकानात येईपर्यंत कथा वाचून झालेली असते. तरीही काकांना नाही म्हणवत नाही. सध्या माझ्या नावाचे तीन खंड त्यांच्याकडे पडून आहेत आणि मी त्या रस्त्याने जाणेच टाळतो आहे. तेच खंड ऑनलाइन बरेच स्वस्त मिळतात. घरात आता जागा उरलेली नाही, असे पत्नीचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे. चौथीतल्या मुलीला मात्र माझ्याबरोबर त्या दुकानात यायला फार आवडते. मी छापील कॉमिक्स घेणे थांबवावे का? आणि काकांना काय सांगावे?’

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कॉमिक्स कागदावर वाचावीत की पडद्यावर, हा सावकाश सोडवण्याचा प्रश्न आहे. पडून असलेल्या तीन खंडांचा प्रश्न मात्र याच आठवड्यातला आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. दुकानात जा, ते तिन्ही खंड छापील किमतीत घ्या आणि सवलत मागू नका. तुमची कथा वाचून झाली आहे हे खरे. पण ते खंड मागवले गेले तेव्हा तुम्ही हो म्हटले होते, आणि पुस्तकांच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या होकाराला बाहेरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ जास्त मोल असते.

छोट्या दुकानदाराला पुस्तकामागे मिळणारे कमिशन साधारणपणे छापील किमतीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान असते, आणि दुकानाचे भाडे, विजेचे बिल, हाताखालच्या मुलाचा पगार, शिवाय दिल्ली-मुंबईहून येणाऱ्या पार्सलचा खर्च हे सगळे त्यातूनच भागवावे लागते. चारशे रुपयांचा खंड विकला गेला तर खर्च वजा जाण्यापूर्वी शंभर-सव्वाशे रुपये हाती राहतात; तोच पडून राहिला तर त्यात अडकलेली रक्कम भरून काढायला तसेच आणखी दोन-तीन खंड विकावे लागतात. सर्वसाधारण पुस्तके खपली नाहीत तर वितरक बहुधा ठरावीक मुदतीत परत घेतो, पण एकाच गिऱ्हाइकासाठी मुद्दाम मागवलेला, मालिकेच्या मधलाच एखादा खंड परत घ्यायला तो सहसा राजी नसतो. आणि रस्त्याने जाणारा दुसरा कोणी येऊन नेमका सतरावाच खंड मागेल, अशी आशा काकांनी कशाच्या जोरावर धरावी? अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कॉमिक्सच्या खास दुकानांचा मुख्य व्यवहार माल परत न करण्याच्या अटीवरच वाढला. तिथले नेहमीचे वाचक आपल्याला हव्या असलेल्या अंकांची यादी दुकानात आधी देऊन ठेवतात आणि दुकानदार तिच्या भरवशावर मागणी नोंदवतो. काकांच्या वहीत तुमचे नाव आहे, ते याच व्यवहाराचे बर्डीतले रूप आहे. तेव्हा तुम्ही टॅबवर वाचता याने काकांचे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक ते तुमच्या संकोचाने होते आहे, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

काकांशी बोलताना टॅबची गोष्ट लपवू नका. ‘काका, ही मालिका मी आता टॅबवर वाचतो, ती वहीतून काढून टाका, या दोन मात्र चालू ठेवा, त्या मी आल्या की नेईन,’ एवढे बोलणे पुरेसे आहे. तुमच्या शाळेच्या दिवसांपासून दुकान चालवणाऱ्या माणसाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. १९६४ साली सुरू झालेले इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले, रोजच्या भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या टपऱ्या केबल टीव्हीने उठवल्या, सुट्टीत कॉमिक्सचे गठ्ठे घेऊन जाणारी मुले मोबाईलवर खेळू लागली, आणि एवढे सगळे होऊनही त्यांचे दुकान उघडे आहे. नेहमीचे गिऱ्हाईक एक मालिका सोडते, हे त्यांना सहज समजेल. तेच गिऱ्हाईक काही न सांगता समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागले तर त्याचा अर्थ त्यांनी काय लावायचा, हे त्यांना कळणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. छापील घेणे सरसकट थांबवू नका, पण सरसकट चालूही ठेवू नका. कोणती मालिका कुठे वाचायची, याचा निर्णय मालिकेगणिक करा आणि तो करताना काकांबद्दलची माया किंवा कागदाच्या वासाची ओढ यांना फारसे मत देऊ नका. जे एकदाच वाचून सोडून द्यायचे आहे ते पडद्यावर वाचा. ज्याकडे तुम्ही पुन्हा वळणार आहात, ज्याचे चित्रकाम थांबून पाहण्यासारखे आहे किंवा जे मुलीच्या हाती द्यावेसे वाटते, ते कागदावर घ्या आणि काकांकडून घ्या. ‘पुन्हा वळणार’ हे ओळखायचे कसे, असे तुम्ही विचाराल. घरातल्या कपाटाकडे पाहा. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही स्वतःहून बाहेर काढलेले खंड कोणते, हे तिथली धूळच सांगेल.

टॅबवर वाचण्याबद्दल तुमच्या पत्रात जी अपराधाची छटा आहे तिचे कारण मला दिसत नाही. साप्ताहिक मांगाच्या बाबतीत तर अ‍ॅप हीच सरळ वाट आहे. जपानच्या शुएईशा या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०१९ मध्ये सुरू केलेल्या मांगा प्लसवर चालू मालिकांची नवी प्रकरणे जपानमध्ये प्रसिद्ध होतात त्याच सुमारास इंग्रजीत येतात, आणि साधारणपणे पहिली तीन व ताजी तीन प्रकरणे विनामूल्य वाचता येतात. त्याच प्रकरणांचा इंग्रजी खंड छापून, जहाजाने किंवा भारतातल्या वितरकामार्फत बर्डीत पोहोचेपर्यंत कित्येक महिने निघून जातात. दर आठवड्याची उत्सुकता ज्याला आवरत नाही त्याने खंडाची वाट पाहावी, असे म्हणणे म्हणजे क्रिकेटचा सामना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातच वाचा, असे म्हणण्यासारखे आहे. कोरियातून आलेल्या वेबटूनची गोष्ट तर याहून वेगळी आहे. ती मुळातच मोबाईलच्या उभ्या पडद्यासाठी काढलेली असतात, चित्र वरून खाली सरकत जाते आणि दोन चित्रांमधल्या रिकाम्या जागेची लांबी हेच तिथे वेळ दाखवण्याचे साधन असते. अशा कथेचे पुस्तक करताना चित्रे पानात कोंबावी लागतात आणि तो वेळ हरवतो. ती टॅबवरच वाचा, मनात किंतु ठेवू नका.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. जे पुस्तकाच्या पानासाठी काढले आहे ते पडद्यावर बरेच काही गमावते, आणि हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण छापील आणि डिजिटल यांची तुलना करताना लोक किमतीवर बोलतात आणि पानाबद्दल बोलायचे विसरतात. तुमच्याकडचा एखादा खंड उघडून बघा. चांगला चित्रकार धक्का देणारे चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर मधेच उघडे ठेवत नाही, कारण वाचकाची नजर पान उघडताक्षणी दोन्ही पानांवरून फिरते आणि धक्का आधीच फुटतो. म्हणून तो ते चित्र पान उलटल्यावर पहिल्यांदा दिसणाऱ्या जागी ठेवतो आणि त्याच्या आधीच्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोणी तरी दार लोटताना किंवा मान वळवताना दाखवतो. तुमचे बोट पानाच्या कोपऱ्याशी असताना कथा त्या बोटापाशी थांबलेली असते. दोन पाने भरून काढलेले एकच मोठे चित्र सहा इंचांच्या मोबाईलवर दोन तुकड्यांत येते किंवा इतके बारीक होते की त्यातली गर्दी नुसती करडी दिसते. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते आणि ती वाचायला सोपीही असते, पण तिच्यात चौकट मोठी की लहान, पानाच्या वर की तळाशी, हे चित्रकाराने घेतलेले निर्णयच पुसले जातात, कारण प्रत्येक चौकट पडदा भरूनच दिसते. तुमचा टॅब दहा इंचांच्या आसपासचा असेल तर पूर्ण पान तरी नीट दिसते. मोबाईलवर मात्र पानाच्या मापाने रचलेले कॉमिक्स वाचू नका.

पैशांच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. अ‍ॅपची मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरायला हरकत नाही, पण त्याच अ‍ॅपवर एकेक खंड ‘विकत’ घेण्याच्या फंदात पडू नका. वर्गणीत निदान प्रामाणिकपणा असतो : पैसे दिले तोवर वाचायचे, थांबवले की दार बंद. विकत घेतलेल्या डिजिटल खंडाची किंमत मात्र पुष्कळदा छापील खंडाच्या जवळ जाते, आणि त्या बदल्यात आपल्याला मिळतो तो केवळ वाचण्याचा परवाना. २००९ साली अ‍ॅमेझॉनने वाचकांच्या किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रातून विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली होती; पैसे परत दिले, पण पुस्तक राहिले नाही. जेमांगा नावाचे डिजिटल मांगाचे संकेतस्थळ २०१३ मध्ये बंद झाले तेव्हा तिथे पैसे मोजून घेतलेले मांगा वाचण्याची सोयही त्याबरोबर गेली. कॉमिक्ससाठी नावाजलेले कॉमिक्सॉलॉजी अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये घेतले आणि २०२२ मध्ये किंडलमध्ये मिसळून टाकले, त्यात वाचकांना आपला जुना संग्रह नव्याने शोधत बसावे लागले. फेब्रुवारी २०२५ पासून तर घेतलेली किंडल पुस्तके संगणकावर उतरवून वायरीने हलवण्याची सोयही अ‍ॅमेझॉनने काढून टाकली. काकांनी विकलेला खंड परत मागायला काका येणार नाहीत. शिवाय तो खंड तुम्ही मित्राला देऊ शकता, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याला विकू शकता. टॅबमधल्या खंडाचे यांपैकी काहीही करता येत नाही. काही प्रकाशक डिजिटल कुलूप, म्हणजे प्रत करण्यावरचे बंधन, नसलेली फाइल विकतात, ती उतरवून स्वतःजवळ ठेवता येते, तेवढा अपवाद समजा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, त्यामुळे तुम्ही त्या वाटेला गेला नसाल असे धरून चालतो. त्यातून चित्रकारालाही काही मिळत नाही आणि काकांनाही नाही.

ऑनलाइन सवलतीबद्दल व्यवहार्य बोलू. मोठ्या विक्रेत्याची सवलत अनेकदा काकांच्या अख्ख्या कमिशनइतकी असते, तेव्हा त्या किमतीशी बरोबरी करा असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला पुष्कळ दुकानदार आपणहून दहा टक्के सोडतात, तेवढ्यावर समाधान माना. वीस-पंचवीस खंडांचा पेटीबंद संच घ्यायचा असेल तर फरक हजारोंत जातो, आणि तो तुम्ही ऑनलाइन घेतलात तर मी तुम्हाला दोष देणार नाही. काकांकडे जे येतच नाही तेही खुशाल ऑनलाइन मागवा. एक गोष्ट मात्र करू नका : त्यांच्या दुकानात उभे राहून पुस्तक चाळायचे, छपाई कशी आहे ते बघायचे आणि तिथल्या तिथे मोबाईलवर ऑर्डर टाकायची. चाळून पाहण्याची ती सोय उभी ठेवायला त्यांचे भाडे लागते.

जागेच्या बाबतीत तुमच्या पत्नीचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. मांगाचा एक खंड दीड-दोन सेंटिमीटर जाड असतो आणि ‘वन पीस’सारखी मालिका शंभर खंडांच्या पलीकडे गेली आहे, म्हणजे ती एकटीच दीड-दोन मीटर फळी खाते. अशा लांबलचक मालिका हेच टॅबवर हलवण्याचे पहिले उमेदवार आहेत. जे ठेवाल ते मात्र नीट ठेवा, कारण आपल्या गावची हवा कागदाला सोयीची नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा पाठीचा डिंक वाळून तडकतो, आणि आपण त्याच खोलीत कूलर लावतो, त्याची ओली हवा थेट कपाटावर आली की पाने लाटांसारखी फुगतात आणि पुन्हा कधी सपाट होत नाहीत. पिना मारलेल्या जुन्या कॉमिक्सचे हाल याहून वाईट होतात. पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग सोडतात. कपाट कूलरच्या झोतातून आणि पश्चिमेच्या भिंतीवरून हलवा, पुस्तके गच्च कोंबू नका, आणि पावसाळा संपल्यावर एकदा सगळी बाहेर काढून कसर लागली आहे का ते बघा. तुमच्याजवळ लहानपणचे नागराज आणि ध्रुव अजून असतील तर ते रद्दीत मात्र देऊ नका. हे नायक १९८६-८७ मध्ये आले आणि त्या पिढीतल्या नागपूरकर मुलांनी हिंदीतून वाचले; १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या गावात मराठी घरांतली मुलेही बिनधास्त हिंदी वाचतात. पुण्यातला तुमच्या वयाचा वाचक हीच नावे इतक्या सहज घेईल, असे मला वाटत नाही.

राहता राहिली तुमची मुलगी, आणि दुकान चालू ठेवण्याचे सर्वांत भक्कम कारण माझ्या दृष्टीने तीच आहे. अ‍ॅप तिला कालच्यासारखेच आज दाखवील. दुकानात ती ‘टिंकल’ शोधायला गेली की शेजारच्या फळीवरची अमर चित्रकथा तिच्या हाती लागेल, तिथून एखादे जंगलातल्या प्राण्यांचे पुस्तक, आणि काका म्हणतील की हे तुला अजून कठीण जाईल, म्हणून ती नेमके तेच मागेल. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा आणि १९८० मध्ये टिंकल सुरू केले. दोन्हींचे आता अ‍ॅप आहेत, आणि प्रवासात किंवा आजारपणात ते कामाचेही आहेत, पण चौथीतल्या मुलीला स्वतःच्या मालकीची, नाव घातलेली, मैत्रिणीला दिली आणि परत मागितली अशी पुस्तके असू द्यावीत. मराठीतून द्यायचे असेल तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’चे संग्रह पाहा. १९९१ पासून वर्तमानपत्रात आलेल्या या चित्रमालिकेतल्या चौकटी तीन-चारच असतात, त्यामुळे वाचायला कंटाळा करणारे मूलही ती संपवते. आणि इथे टॅबचा एक उत्तम उपयोग सांगतो : बालभारतीने १९७१ पासून काढलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. ते आता कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत, त्यामुळे काकांचे त्यात काही जात नाही. रात्री तिच्याबरोबर बसून ते चाळा.

तिला दर महिन्याला एक ठरावीक रक्कम द्या, दोनशे रुपयेसुद्धा चालतील, आणि ती काकांकडे कशावर खर्च करायची हे तिचे तिला ठरवू द्या. तिने उचललेले पुस्तक तुम्हाला सुमार वाटले तरी मधे बोलू नका. तुमच्या स्वतःच्या दोन मालिका वहीत चालू असतील तर तेवढ्यासाठी महिन्यातून एक शनिवार पुरतो. त्रिमूर्तीनगरहून गाडीने आलात तर बर्डीत ती लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जाईल, म्हणून जवळचे मेट्रो स्थानक गाठून बर्डीला उतरा आणि परत येताना तिला पुस्तक डब्यातच उघडू द्या.